नऊ नंबरचा पिंजरा

पहाटे तेयेचा फोन : "लवकर ये, देदे.
नऊमधले नाचायला लागलेत."

नाचणं हा त्याचा शब्द.
माझ्या वहीत : तोल जाणे, स्वतःभोवती गिरक्या,
डोळे खोबणीबाहेर, बुबुळावर साय.
काल मेले चाळीस. आजचे मोजायचेत.

होडी बुडालेल्या झाडांमधून जाते.
धरण झालं तेव्हा हे रान उभंच्या उभं वोल्टाखाली गेलं,
अजून शेंडे वर काढून आहे.
एका शेंड्याला तेयेनं नऊचा दोर बांधलाय.

मेलेला मासा माझ्या कामाचा नाही.
उन्हात तासाभरात त्याच्यात सगळेच जंतू बिऱ्हाड करतात,
मारेकरी कोण ते मग गर्दीत कळत नाही.
मला टेकलेला हवा :
जाळ्याच्या कडेला, काळपट पडलेला,
जेमतेम शेपूट हलवणारा.
तेये असे पाच काढून देतो.
काढताना माशांकडे बघत नाही, माझ्याकडे बघतो.

बादलीत लवंगेचं तेल. ते शांत होतात.
होडीभर दातदुखीचा वास.
कल्ला उचलते : फिकट.
पोट उघडते : पाणी, आणि प्लीहा दुप्पट.
मग कवटी. आत मसुराएवढा मेंदू,
त्यावर कापसाची काडी फिरवायची
एकदाच.

"काय आहे?"
"दोन दिवस लागतील."
"दोन दिवसांत नऊ रिकामा होईल."
"दोन दिवस, तेये."
त्याच्या मुठीत औषधाची पुडी आहे,
कुणाकडून तरी आणलेली, नाव खरवडलेली.
मी हात पुढे करते. तो ती देत नाही,
खिशातही घालत नाही.

काठावर माकू मावशी, टोपली घेऊन.
मागे तिच्या भट्ट्या धुरायला लागल्यात.
नाचणारे तिला निम्म्या भावात मिळतात,
धुरात डोळ्यावरची साय दिसत नाही.
माझ्या कॉलेजची फी याच भट्ट्यांतून गेली.
मी म्हणते, मावशी, आज नाही.
ती म्हणते, "आज नाही, की आजपासून नाही?"

खड्डा पाण्यापासून लांब, कमरेइतका खोल.
माशांवर चुना, चुन्यावर माती, कुत्र्यांसाठी वर दगड.
मावशी टोपली पालथी घालून तिच्यावर बसते.
मदत करत नाही. जातही नाही.

दुसऱ्या रात्री रक्ताच्या ताटलीवर
टाचणीच्या डोक्याएवढे राखी ठिपके.
काचेवर घेते, रंगवते, धुते, भिंगाखाली सरकवते.
मणी.
जांभळ्या मण्यांचे सर, काही अखंड, काही तुटके,
ओदुमासेच्या बाजारात मावशी उजेडाला धरून बघते तसे.
क्षणभर फार सुंदर वाटतं मला,
आणि हे मी अहवालात लिहीत नाही.

मूत्रपिंडाचा तुकडा अक्राला पाठवलाय.
मण्यांच्या आड एखादा विषाणूही असेल,
ते उत्तर यायला तीन आठवडे.
तोवर : खाद्य निम्मं. दाटी कमी.
मेलेले दिवसातून दोनदा उचलायचे.
नऊची जाळी आठला लागता कामा नये.
औषध चिठ्ठीवरच, आणि दिल्यानंतर इतके दिवस विक्री बंद.
पुढच्या पिल्लांना लस, एकेकाला, हातानं.

तेये सगळं ऐकून घेतो.
मग पुडी टेबलावर ठेवतो.
"पहिल्या दिवशीचे अकरा," तो म्हणतो,
"वहीत नाहीत. मी पाण्यात सोडले."
"कुठे?"
तो हनुवटीनं दाखवतो, प्रवाह जातो तिकडे.
तिकडे नार्हचे सहा पिंजरे.
नार्ह त्याचा मेव्हणा.

मी बूट क्लोरीनमध्ये बुडवते, जाळी, बादली,
पुन्हा बूट. तेये घाई करत नाही.
मग इंजिन.
झाडांच्या शेंड्यांपलीकडे नार्ह उभा आहे,
खाद्याचं पोतं खांद्यावर,
आम्हाला ओळखून
लांबूनच हात हलवतो.